भोंगा थांबल्यावर

मुंबईच्या लालबाग-परळ भागांत एके काळीं घड्याळावांचून कोणाचें अडत नसे. पहिला भोंगा झाला कीं चाळ जागी होई. दुसरा झाला कीं जिन्यांवरून पावलांचा लोंढा खालीं उतरे. आणि पाळी सुटल्याचा भोंगा कानीं पडतांच खाणावळवाली बाई तव्यावर भाकरी टाकी. १८५६ सालीं ताडदेव येथें कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी सुरू झाली, तेव्हांपासून सव्वाशें वर्षें हा क्रम चालू होता. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या बाजूंच्या तरुणानें मुंबईस यावें, गांवकीच्या खोलींत वळकटी टाकावी, प्रथम बदली म्हणून गिरणीच्या दारांत उभें राहावें, पुढें कायम व्हावें, आणि केस पिकल्यावर आपल्या मुलास त्याच खात्यांत चिकटवून गांवीं परतावें, ही त्या भागाची ठरलेली जीवनयात्रा होती.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या संपाच्या न्यायान्यायाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. येथें एवढेंच लक्षांत घ्यावयाचें कीं, तो संप रीतसर मागें घेतल्याचें कधींच जाहीर झालें नाहीं. कांहीं गिरण्या हळूहळू सुरू झाल्या, कांहीं कायमच्या बंद पडल्या, आणि सुरू झालेल्यांपैकींहि बहुतेक पुढील वीस-पंचवीस वर्षांत मिटल्या. हजारों माणसें अशा वयांत रिकामीं झालीं कीं, ज्या वयांत नवा धंदा शिकण्यास उशीर झालेला असतो आणि म्हातारपणाची विश्रांति घेण्यास अद्याप अवकाश असतो.

त्यांतला एखादा पन्नाशीचा साचेवाला डोळ्यांपुढें आणावा. तीस वर्षें तो साच्यांपुढें उभा राहिला. इतरांना नुसता खडखडाट ऐकूं येई. त्याला मात्र त्या खडखडाटांतून आपला साचा बिघडल्याचें आवाजावरून कळे. आतां गिरणीच्या दाराला कुलूप आहे. त्याचें काय गेलें, असें कोणास विचारल्यास पगार गेला, असें उत्तर मिळेल. तें उत्तर खोटें नाहीं; पण अपुरें आहे. पगार गेल्याचें वाण्याला कळतें, घरमालकाला कळतें, सार्‍या चाळीला कळतें. बाकीचें जें गेलें तें एकट्या त्यालाच जाणवतें, आणि त्याला नांव काय द्यावें हें त्याचें त्यालाहि ठाऊक नसतें. भेटणारे त्याला ‘धीर धरा, आशा सोडूं नका’ असें सांगतात. उपदेश चांगला आहे. परंतु आशा हातीं धरावी म्हणजे नेमकें काय करावें, हें मात्र कोणी सांगत नाहीं, आणि म्हणूनच तो उपदेश ऐकून माणूस अधिकच एकटा पडतो.

हा प्रश्न मुंबईच्या संपापूर्वीं पन्नास वर्षें यूरोपांतील एका गिरणीच्या गांवीं फार बारकाईनें तपासला गेला होता. ऑस्ट्रियांत व्हिएन्ना शहराजवळ मारिएन्ताल नांवाची लहानशी वस्ती आहे. ती वसलीच मुळीं एका कापडगिरणीभोंवतीं. जगभर मंदीची लाट आली तेव्हां, १९२९-३० मध्यें, ती गिरणी बंद पडली. वस्तींत ४७८ कुटुंबें होतीं. त्यांपैकीं ३६७ कुटुंबांत कामावर जाणारें एकहि माणूस उरलें नाहीं. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या तरुण संशोधकांनीं आपल्या सहकार्‍यांसह १९३१-३२ मध्यें या वस्तीची पाहणी केली, आणि १९३३ सालीं तिचा वृत्तान्त पुस्तकरूपानें प्रसिद्ध केला. दुसर्‍याचें दुःख नुसतें पाहावयास कोणीं जावयाचें नाहीं, असा त्यांनीं नियम घातला होता. कोणीं कपडे वांटले, कोणीं रोग्यांना तपासलें, कोणीं शिवणकामाचे वर्ग चालविले, आणि तीं कामें करतां करतां लोक कसे जगतात हें पाहिलें.

त्यांना जें आढळलें तें अपेक्षेच्या उलट होतें. रिकामा वेळ मिळाला म्हणजे माणूस वाचील, सभांना जाईल, राहून गेलेले छंद पुरे करील, असें साधारणतः वाटतें. मारिएन्ताल येथें वाचनालयाची वर्गणी माफ केली असतांहि दोन वर्षांत पुस्तकें नेण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलें. रस्त्यानें पुरुष बायकांपेक्षां सावकाश चालत, आणि पुन्हां पुन्हां थांबत. बहुतेक पुरुषांनीं खिशांत घड्याळ बाळगणें सोडून दिलें होतें. सकाळपासून दुपारपर्यंत काय केलें, असें विचारल्यास त्यांना धड सांगतां येत नसे. उठलों आणि जेवलों, या दोहोंच्या मध्यें कांहीं घडल्याचें आठवतच नसे. बायकाहि गिरणीच्या कामाला मुकल्या होत्या. परंतु चूल, धुणें आणि पोरेंबाळें यांचें घड्याळ बंद पडलें नव्हतें. त्या थकत, पण त्यांचा दिवस हरवत नसे. ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ अशी आपल्याकडे म्हण आहे. पण पुष्कळ दिवस रिकामा राहिलेला माणूस भिंतीला तुंबड्यासुद्धां लावीत नाहीं, तो नुसता बसून राहतो, असें त्या पाहणींत दिसून आलें.

या संशोधकांनीं शंभर कुटुंबें विशेष जवळून पाहून त्यांचे चार वर्ग केले. सोळा कुटुंबें खचलेलीं नव्हतीं. अठ्ठेचाळीस कुटुंबांनीं हातपाय आवरून परिस्थितीपुढें मान तुकविली होती. अकरा निराशेनें ग्रासलेलीं होतीं, आणि पंचवीस अशीं होतीं कीं, त्यांना कशाचेंच कांहीं वाटेनासें झालें होतें. पहिल्या दोन वर्गांतला भेद विचार करण्यासारखा आहे. दोन्ही वर्गांतल्या घरांत केर काढलेला असे, मुलांची निगा राखलेली असे. फरक एवढाच कीं, न खचलेल्या घरीं पुढच्या दिवसांसाठीं कांहींतरी बेत आंखलेला असे आणि काम मिळविण्याची खटपट थांबलेली नसे. मान तुकविलेल्या घरीं बेत म्हणून उरलेला नसे. म्हणजे संशोधकांनीं आशा मोजली ती चेहर्‍यावरच्या हास्यावरून नव्हे. उद्यां काय करावयाचें आहे, या प्रश्नाला घरांत उत्तर आहे कीं नाहीं, हेंहि त्यांनीं पाहिलें.

दुसरीहि एक गोष्ट त्यांनीं लपवून ठेविली नाहीं. या चार वर्गांचें महिन्याचें माणशी उत्पन्न त्यांनीं काढलें, तेव्हां तें अनुक्रमें ३४, ३०, २५ आणि १९ शिलिंग असें भरलें. आशा आणि निराशा यांच्या मध्यें अवघ्या नऊ शिलिंगांचें अंतर होतें. यावरून जो धडा निघतो तो उपदेशकांनीं विसरूं नये. खचलेल्या माणसास ‘तुझें मनच दुबळें’ असें म्हणणें पुष्कळदां निव्वळ अन्याय असतो. त्याचें मन शेजार्‍याइतकेंच खंबीर असतें. त्याचा डबा मात्र शेजार्‍याआधीं रिकामा झालेला असतो.

तथापि पैसा म्हणजेच सर्व कांहीं, असाहि याचा अर्थ नव्हे. त्याच वस्तींत लोकांना भाजीपाला लावण्यासाठीं जमिनीचे लहान तुकडे होते. ज्या वाफ्यांत बटाटे निघाले असते त्यांतल्या कांहीं वाफ्यांत कुणीं गुलाब लावले होते, कुणीं डेलिया लावले होते. हिशेबी माणूस याला वेडेपणा म्हणेल. पण फुलझाड लावणारा मनुष्य पुढच्या ऋतूंत आपण येथें असूं आणि कळी उमलतांना पाहूं, असें धरून चाललेला असतो. पोट अर्धें असतांहि त्याचा उद्यांवरचा हक्क त्यानें सोडलेला नसतो.

मारी याहोदा यांनीं हा विषय पुढें आयुष्यभर सोडला नाहीं. १९३६ सालीं ऑस्ट्रियाच्या तत्कालीन राजवटीनें त्यांना तुरुंगांत टाकलें, आणि १९३७ सालीं देश सोडून त्यांना इंग्लंडांत आश्रय घ्यावा लागला. आपलें काम आणि आपला देश हीं दोन्हीं गमावणें म्हणजे काय, हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. मुंबईचा संप सुरू झाला त्याच १९८२ सालीं त्यांचा रोजगार आणि बेकारी यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. नोकरी माणसाला पगाराखेरीज न मागतां पांच गोष्टी देते, असें त्यांनीं त्यांत मांडलें. पहिली, दिवसाला येणारा आकार. दुसरी, घराबाहेरच्या माणसांचा नित्य सहवास. तिसरी, अनेकांनीं मिळून तडीस न्यावयाच्या कामांत आपलाहि वांटा असल्याची जाणीव. चौथी, समाजांतलें स्थान आणि नांव. पांचवी, हातांना व मनाला नियमित व्याप.

आतां त्या साचेवाल्याकडे पुन्हां पाहावें, म्हणजे त्याचें काय गेलें याचा उलगडा होतो. भोंगा गेला, तेव्हां दिवसाचा आकार गेला. खात्यांतले सोबती कोणी गांवीं गेले, कोणी उपनगरांत पांगले. ज्यांच्याशीं तीस वर्षें तंबाखूची चिमूट वांटून घेतली त्यांची भेट आतां एखाद्या मयताच्या वेळीं होई. ताग्यामागून तागे कापड बाहेर पडे आणि त्यांत आपल्याहि हातचे धागे आहेत हें त्याला ठाऊक असे. तें समाधान गेलें. गिरणगांवांत नवा माणूस भेटला कीं ‘कुठल्या गिरणींत?’ हा पहिला प्रश्न असे. त्या प्रश्नाचें उत्तर आतां भूतकाळीं द्यावें लागे. आणि जे हात तुटलेला धागा पाहतां पाहतां सांधीत, ते हात दिवसभर गुडघ्यांवर पडून राहूं लागले. उतारवयांत हा घाव अधिक खोल जातो, कारण तरुण माणसाची ओळख अद्याप घडावयाची असते, तर याची ओळख घडून, पक्की होऊन बसलेली असते.

येथें आशा आणि वाट पाहणें यांतला भेद स्पष्ट केला पाहिजे. बाहेरून दोन्ही सारखींच दिसतात. संप रीतसर मिटला नाहीं, त्यामुळें गिरणगांवांत पुष्कळजण वर्षानुवर्षें वाट पाहत राहिले. पुढच्या महिन्यांत गिरणी सुरू होणार, अमक्या साहेबानें शब्द दिला आहे, दिवाळीनंतर यादी लागणार, अशा वार्ता नाक्यावर येत आणि विरून जात. वाट पाहणारा मनुष्य आपला उद्यां दुसर्‍याच्या हातीं देतो. दार कोणी उघडलें तर त्याचा दिवस उजाडणार, एरव्हीं नाहीं. तो गांवीं जाऊन शेतहि करीत नाहीं, कारण मागें यादी लागली तर काय, ही धास्ती त्याला असते. शहरांत दुसरें कामहि धरीत नाहीं, कारण तें आपल्या इभ्रतीचें नाहीं असें त्याला वाटतें. अशी वाट पाहतां पाहतां कित्येक माणसें व्यसनाला लागलीं, कित्येक आजारानें खचलीं. त्यांच्यांत आशेचा अभाव होता असें म्हणवत नाहीं. त्यांची सर्व आशा एका कुलपावर टांगलेली होती.

उलटपक्षीं ज्यांनीं स्वतःच्या हातानें करण्याजोगें कांहीं शोधलें तेहि याच चाळींत राहत होते. संपाच्या काळांत पुष्कळ घरांचा गाडा बायकांनीं ओढला. कुणीं भाजीची टोपली घेतली, कुणीं चार घरचीं धुणींभांडीं धरलीं, कुणीं शिवण शिवलें. खाणावळवाल्या बायांवर तर दुहेरी आघात झाला, कारण त्यांच्याकडे जेवणारे कामगारच बिनपगारी झाले. या बायांना सावकाराच्या कचाट्यांतून सोडविण्यासाठीं प्रेमा पुरव यांनीं १९७५ सालींच अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली होती. एकीनें उभें राहण्याची संवय ज्यांना आधींच लागली होती त्यांना संकटाचा भार थोडा हलका झाला.

दुसरें उदाहरण बंद गिरण्यांच्या कामगारांचें. १९८९ सालीं दत्ता इस्वलकर आणि त्यांचे सहकारी यांनीं बंद गिरणी कामगार संघर्ष समिति उभारली. इस्वलकर स्वतः गिरणी कामगार होते. थकलेलीं देणीं, कामगारांच्या मुलांना रोजगार, आणि गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठीं घरें, या मागण्यांसाठीं सभा, मोर्चे, उपोषणें आणि कोर्टकचेर्‍या हा क्रम वर्षानुवर्षें चालला. २८ जून २०१२ रोजीं म्हाडानें गिरणी कामगारांसाठीं ६,९२५ घरांची सोडत काढली, तेव्हां संपाला तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. अर्ज लाखाच्या वर होते. म्हणजे बहुतेकांच्या हातीं त्या दिवशीं कांहीं लागलें नाहीं, आणि कित्येक अर्जदार तोंवर जग सोडून गेले होते. २०२१ सालीं इस्वलकरहि निवर्तले. हा विजय अपुरा होता, हें कबूल केलेंच पाहिजे. पण त्या तीस वर्षांत जे कामगार सभेला जात, कागद गोळा करीत, अडाणी सोबत्याचा अर्ज भरून देत, त्यांना याहोदा यांच्या पांचहि गोष्टी थोड्याफार परत मिळाल्या होत्या. त्यांना ठरलेला वार होता, सोबती होते, सर्वांचें मिळून काम होतें, ‘कार्यकर्ते’ हें नांव होतें, आणि हातांना व्याप होता. तेहि वाटच पाहत होते. पण रिकाम्या हातांनीं नव्हे.

या सर्वांवरून ज्याची पुष्कळ वर्षांची नोकरी उतारवयांत गेली आहे त्यानें काय करावें, याचा थोडा बोध होतो.

पहिली गोष्ट पैशाची, कारण मारिएन्तालचे ते नऊ शिलिंग विसरून चालणार नाहीं. लाजेपोटीं हक्काचा पैसा सोडूं नये. सलग पांच वर्षें नोकरी झालेल्यास प्रत्येक पूर्ण वर्षामागें पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशेबानें ग्रॅच्युइटी मिळण्याचा हक्क १९७२ सालच्या कायद्यानें दिला. १९९५ सालच्या पेन्शन योजनेनें दहा वर्षें सभासद असलेल्यास अठ्ठावन्नाव्या वर्षापासून पेन्शनची सोय केली. फंडाचे कागद, सेवेचा दाखला, पगाराच्या चिठ्ठ्या एका ठिकाणीं ठेवाव्या. न वाचतां कोठेंहि सही करूं नये. आणि हातीं आलेली एकरकमी रक्कम पहिल्या वर्षांत लग्नकार्याच्या थाटांत किंवा कोणाच्या भरंवशाच्या धंद्यांत घालूं नये.

दुसरी गोष्ट वेळेची. जुन्या वेळेसच उठावें, दाढी-अंघोळ करून घराबाहेर पडावें, आणि ठरल्या वेळीं परतावें. ही गोष्ट क्षुल्लक वाटते. परंतु पुरुषांच्या खिशांतलें घड्याळ नाहींसें झालें तेथूनच त्या वस्तीची घसरण दिसूं लागली होती.

तिसरी गोष्ट अशी कीं, आपण न गेल्यास ज्याला चुकल्याचुकल्यासारखें होईल असें एक तरी काम धरावें. तें पगाराचें असल्यास उत्तम. नसल्यास अर्ध्या पगाराचें, किंवा केवळ मानाचें. पतपेढीचा जमाखर्च असेल, वाचनालयाचीं पुस्तकें लावणें असेल, भजनी मंडळाच्या मृदंगाला शाई भरणें असेल. साच्याचा आवाज ओळखणारा कान शिवणयंत्राचाहि आवाज ओळखतो. पंपाचें दुखणें समजून घेण्यासहि त्याला फार दिवस लागत नाहींत. पूर्वींच्या कामापेक्षां तें हलकें आहे, हा विचार मनांत येतोच. तो येऊं द्यावा, पण त्याला दारांत आडवें झोपूं देऊं नये.

चौथी गोष्ट घरच्या माणसांची आहे. घरीं बसलेल्या वडील माणसाचा अपमान शब्दांपेक्षां वागणुकीनें अधिक होतो. ‘मामंजी घरींच आहेत, त्यांना सांगा’ असें म्हणून दिवसभराचीं किरकोळ कामें त्यांच्या अंगावर टाकणें हा एक प्रकार. आणि ‘बाबा, तुम्हीं कांहीं करूं नका, नुसते बसा’ हा प्रेमाचा, पण तितकाच घातक असा दुसरा प्रकार. घरांत कांहीं ठरवावयाचें असेल तेव्हां ‘बाबा, तुम्हांला काय वाटतें?’ असें विचारावें, आणि उत्तर मिळेपर्यंत थांबावें. पगार बंद झाला म्हणून त्या माणसाची तीस वर्षांची समज बंद पडलेली नसते.

असें केल्यानें प्रत्येकाचे दिवस पूर्ववत् होतील, असें आश्वासन कोणीं देऊं नये. कांहींजणांचें दुःख शेवटपर्यंत राहतें, आणि तें राहणें स्वाभाविकहि आहे. तीस वर्षें ज्या कामावर जीव लावला तें गेल्याचें दुःख न होणें हेंच विपरीत. दुःख आणि आशा एका घरांत राहूं शकतात. गेलेली नोकरी परत येईल कीं नाहीं, या प्रश्नाचें उत्तर माणसाच्या हातीं नसतें. उद्यां सकाळीं उठून कोठें जावयाचें आहे, तेथें कोण वाट पाहत आहे, आणि कोणतें काम अर्धें राहिलें आहे, एवढें ज्याला सांगतां येतें त्याची आशा शाबूत आहे, असें समजण्यास हरकत नाहीं.